किराळ : कोवळ्या ज्वारीतले विष आणि बिनविषारी चाऱ्याचा शोध

१/ मावळातील गुरे भाताच्या पेंढ्यावर आणि डोंगरउतारावरील गवतावर जगतात. घाटमाथा सोडून पूर्वेस देशावर गेले की पेंढ्याची जागा ज्वारीचा कडबा घेतो. मात्र हीच ज्वारी कोवळेपणी जनावरांचा जीव घेते. त्याला 'किराळ लागणे' म्हणतात.

२/ कोवळे पोंगे खाल्लेले जनावर थोड्याच वेळात धापा टाकते, झोकांड्या खाते, कोसळते. ऐन हंगामात बैल जाणे म्हणजे पेरणीच हातची जाणे. म्हणून कोवळ्या ज्वारीत गुरे न सोडणे आणि ताटे वाळवून कडबा घालणे, ही रीत रसायनशास्त्राच्या आधीची आहे.

३/ कारण उलगडले १९०२ मध्ये. विंडहॅम डन्स्टन व थॉमस हेन्री या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी कोवळ्या ज्वारीतून एक ग्लुकोसाइड वेगळे केले. ज्वारीच्या 'धुर्रा' या अरबी नावावरून त्यास 'धुरिन' म्हटले गेले. पानात धुरिन आणि त्याचे विघटन करणारे विकर वेगवेगळ्या पेशींत असते. चावताना दोन्ही एकत्र येतात आणि सायनाइड सुटते. मग रक्तात प्राणवायू असूनही पेशींना तो वापरता येत नाही.

४/ धुरिन हे रोपाचे किडींविरुद्धचे शस्त्र. पाण्याचा ताण पडून वाढ खुंटली की ते वाढते. ताणानंतर पाऊस पडून फुटलेल्या फुटव्यांतही ते भरपूर असते. म्हणजे चारा सर्वांत दुर्मीळ असतो, तेव्हाच तो सर्वांत घातक ठरतो.

५/ येथे पैदासकारांचे काम सुरू होते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथून १९५० च्या सुमारास कमी धुरिनचे 'पायपर' सुदान गवत आले. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी धुरिन मुळीच न बनवणारी ज्वारी जाहीर केली. तिची रोपे आरंभी किंचित सावकाश वाढतात.

६/ भारतातही चाऱ्याचे वाण निवडताना उत्पादनाबरोबर हायड्रोसायनिक आम्ल मोजले जाते. वडगाव मावळचे भात संशोधन केंद्र ज्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे, त्याच विद्यापीठाचे 'रुचिरा' व 'फुले अमृता' हे चाऱ्याच्या ज्वारीचे वाण.

७/ तरी कमी विष म्हणजे शून्य विष नव्हे. चाऱ्याची ज्वारी पीक निम्मे फुलोऱ्यात आल्यावरच कापावी, हा सल्ला आजही कायम आहे. किराळ लागल्यास सोडियम थायोसल्फेटचे इंजेक्शन वाचवू शकते, पण पशुवैद्य वेळेत पोहोचला तरच.