एका साइड ड्रमची साक्ष

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी सभासदांच्या घरची जुनी छायाचित्रे व वस्तू पाहण्याचे काम आमच्याकडे आले, तेव्हा मंडळातील एका वयोवृद्ध आजींनी एक साइड ड्रम आमच्यापुढे ठेवला. "पंधरा ऑगस्टला, सत्तेचाळीस साली, आमच्या ह्यांनी हाच वाजवला होता," असे त्यांनी सांगितले. ड्रमवरील बिल्ल्यावर 'लडविग, शिकागो' अशी अक्षरे होती. ती वाचून परदेशस्थ नातवाने याचे लाखो रुपये येतील असे कळविले होते. आजींना विकावयाचा नव्हता. स्मरणिकेत त्याचे छायाचित्र व हकीकत यावी, एवढीच त्यांची इच्छा होती. छापण्यापूर्वी शहानिशा करणे आम्हांस भाग होते.

हे वाद्य मूळचे युरोपातील लष्करी पथकांचे. सैनिक ते पट्ट्याने कमरेच्या बाजूस अडकवीत, म्हणून त्यास साइड ड्रम हे नाव पडले. खालच्या पुडीला लागून पूर्वी आतड्याच्या, पुढे धातूच्या तारा ताणलेल्या असतात. वरच्या पुडीवर काठी पडताच त्या थरथरतात व खणखणीत, करकरीत नाद उमटतो. या तारांवरूनच त्याचे दुसरे नाव स्नेअर ड्रम. आपल्याकडे ते ब्रिटिश पलटणींच्या बँडबरोबर आले. 1930 नंतर मुंबईतील हॉटेलांत जाझचे वाद्यवृंद वाजू लागले, आणि गोमंतकीय व पारशी वादकांच्या हातून ते हिंदी चित्रपटसंगीतात स्थिरावले.

लडविग बंधूंची हकीकत उद्बोधक आहे. विल्यम व थिओबाल्ड या दोघा भावांनी 1909 साली शिकागोत पायाने वाजविण्याच्या ड्रमचे पेडल बनवून धंद्यास आरंभ केला. 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत थिओबाल्ड निवर्तले. मूकपटांच्या काळात चित्रपटगृहांतून वादकांना भरपूर काम असे. बोलपट आले आणि ते काम गेले. त्यात मंदीची भर पडली व कारखाना कॉन कंपनीच्या हाती गेला. विल्यम यांनी 1937 मध्ये 'डब्ल्यू. एफ. एल.' या आद्याक्षरांनी नवा कारखाना काढला, कारण स्वतःचेच आडनाव वापरण्याचा हक्क त्यांच्याकडे उरला नव्हता. ते नाव त्यांनी 1955 साली परत विकत घेतले.

हा इतिहास आम्ही विस्ताराने सांगितला, याचे कारण वस्तूचा काळ ठरविण्याची साधने यातूनच मिळतात. 1940 च्या आसपासच्या ड्रमवर 'डब्ल्यू. एफ. एल.' दिसले, तर ते नक्कल नव्हे. कमानीच्या माथ्यावरील दगडासारखा, वर रुंद व खाली निमुळता असा लडविगचा बिल्ला 1960 च्या दशकातील. त्यावर अनुक्रमांक असेल, तर तो ड्रम 1963 च्या अखेरीपूर्वीचा असणे कठीण. परंतु अनुक्रमांकांवरूनही नेमके वर्ष निघत नाही; कामगार बिल्ले क्रमाने बसवीत नसत. त्याहून भरवशाचा पुरावा म्हणजे लाकडी खोडाच्या आतील बाजूस शाईने मारलेला तारखेचा शिक्का. मात्र तो प्रत्येक ड्रमवर आढळतोच असे नाही.

पुडीचा पुरावा जपून घ्यावा. प्लास्टिकच्या पुड्या 1957 च्या सुमारास प्रचारात आल्या. तथापि पुडी झिजते व बदलली जाते, म्हणून जुन्या खोडावर नवी पुडी असणे हा दोष नव्हे. खोडावर जादा भोके असणे मात्र दोष होय. धातूचे खोड असेल, तर लोहचुंबक पितळेला चिकटत नाही आणि ॲल्युमिनियमलाही नाही. तेथे वजन कामी येते, कारण पितळ ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड असते. 1920 च्या दशकात पितळेवर काळ्या निकेलचा मुलामा देऊन त्यावर हाताने नक्षी कोरलेले ड्रम निघत. संग्राहक त्यांना 'ब्लॅक ब्यूटी' म्हणतात. लडविगनेच 1970 च्या दशकात असे ड्रम पुन्हा काढले. तेही अस्सलच, पण विकणाऱ्याने ते 1920 चे म्हणून पुढे केले, तर अस्सल वस्तूच्या तोंडी खोटी साक्ष घातल्यासारखे होते.

किमतीचे गणित निराळे. 9 फेब्रुवारी 1964 रोजी बीटल्स अमेरिकन दूरचित्रवाणीवर आले, तेव्हा सुमारे 7 कोटी 30 लाख लोकांनी रिंगो स्टारच्या ड्रमवर लडविग हे नाव पाहिले. मागणी इतकी वाढली की त्या काळचे ड्रम आजही विपुल मिळतात. रिंगोचा 1963 चा संच 2015 च्या लिलावात 20 लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला, तो वादकाशी असलेले नाते पुराव्याने सिद्ध झाले होते म्हणून. तशाच बनावटीच्या साध्या ड्रमला त्याच्या पासंगालाही पुरेल एवढी किंमत येत नाही.

आता आजींचा ड्रम. बिल्ला निमुळता, त्यावर अनुक्रमांक, बिल्ल्याभोवती उचकटल्याची खूण नाही, जादा भोके नाहीत. ड्रम अस्सल होता. परंतु 1947 चा असणे शक्य नव्हते. शिक्का पाहावा म्हणून आम्ही पुडी उतरविली. आतील लाकूड पॉलिश पेपरने घासून त्यावर ताजे वॉर्निश चढविलेले निघाले. प्रदर्शनात शोभावा म्हणून घरच्यांनीच आठवड्यापूर्वी ते करवून घेतले होते. शिक्का असलाच, तर त्या घासण्यात गेला होता.

आजींना हे सांगणे आम्हांस जड गेले. त्या काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तो दुसरा असेल. पण ह्यांनी वाजवला होता, हे खोटं नव्हे. मी ऐकलाय." आम्हांस तेही खरे वाटते. म्हणून या स्मरणिकेत छायाचित्राखाली ड्रमचा काळ '1963 नंतरचा' असा दिला आहे, आणि आजींची आठवण त्यांच्याच शब्दांत वेगळी छापली आहे.

आपण मुलखापासून दूर राहणारी माणसे. बदल्या, घरांतरे यांतून जे चार जिन्नस वाचले, त्यांवरच आपल्या येथील वास्तव्याचा इतिहास पुढे लिहिला जाणार आहे. सभासदांस आमची एवढीच विनंती : माळ्यावरून काही खाली काढाल, तर धूळ हलक्या हाताने पुसा, घासू नका, रंगवू नका. आणि ते कोणाचे, कोठून आले, हे ठाऊक असलेले माणूस घरात आहे तोवर त्याच्याकडून लिहून घ्या.