कायदा गेला, दडपण उरले : १८८२ चा कोल्हापूर खटला

निर्बंधांचा कायदा रद्द झाला की वृत्तपत्रे मोकळी होतात, असे आपण सहज गृहीत धरतो. १८८२ साली मराठी पत्रकारितेला निराळाच अनुभव आला.

लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या कायद्याने देशी भाषांतील पत्रांकडून अनामत मागण्याचा आणि प्रसंगी छापखाना जप्त करण्याचा अधिकार सरकारला दिला. न्यायालयात दाद मागण्याची सोय नव्हती. इंग्रजी पत्रे मात्र वगळलेली. त्यामुळे जानेवारी १८८१ मध्ये एकाच मंडळींनी पुण्यात काढलेल्या दोन पत्रांपैकी मराठी ‘केसरी’ कायद्याच्या कक्षेत आणि इंग्रजी ‘मराठा’ बाहेर, असा विलक्षण प्रकार होता!

१८८२ च्या आरंभी लॉर्ड रिपनने हा कायदा रद्द केला. त्याच वर्षी टिळक आणि आगरकर तुरुंगात गेले, तेही बदनामीच्या साध्या फौजदारी खटल्यात.

(देऊळघाट-बुलढाण्याकडील वाचकांसाठी थोडे विषयांतर : आगरकर अकोल्यात शिकले आणि विद्यार्थिदशेतच तेथील ‘वऱ्हाड समाचार’साठी लिहू लागले. त्या लेखणीची पहिली तालीम वऱ्हाडातली.)

प्रकरण कोल्हापूरचे. तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज वेडे ठरवले गेले होते. त्यांचा छळ होत असून त्यामागे कारभारी माधवराव बर्वे आहेत, असा बोभाटा होता. बर्व्यांची म्हणून काही पत्रे पुढे आली आणि त्यांच्या आधारे दोन्ही पत्रांनी कडक टीका केली. इंग्रज सरकारचा पाठिंबा असलेल्या कारभाऱ्यावर असे लिहिणे धाडसाचे होते. पण न्यायालयात ती पत्रे बनावट ठरली. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झालीच. प्रत्यक्षात डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले.

माझ्या मते या खटल्याचा खरा पेच येथे आहे. कळकळ खरी होती, पुरावा खोटा होता. आणि पुरावा कोसळताच महाराजांच्या हालांचा प्रश्नही मागे पडला. चर्चा उरली ती पत्रांची.

खटल्याच्या काळात जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे यांनी दहा हजारांचा जामीन दिला. फुले आणि ‘केसरी’कार यांच्यातील मतभेद ठाऊक असणाऱ्यांनी हे मुद्दाम लक्षात घ्यावे.

२५ डिसेंबर १८८३ रोजी, अहमदनगरच्या किल्ल्यात नजरकैदेत असताना, पहाऱ्यावरील गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराजांचा अंत झाला.