सीवायपी२१ : एका जनुकजोडीची कुळकथा

अधिवृक्क ग्रंथीत प्रोजेस्टेरॉन आणि त्याच्या जवळच्या एका स्टेरॉइडाच्या एकविसाव्या कार्बनावर हायड्रॉक्सिल गट बसवायचा, हे सीवायपी२१ जनुकापासून बनणाऱ्या विकराचे काम. ते झाले नाही, तर शरीराला ताण सोसायला मदत करणारे कॉर्टिसॉल पुरेसे बनत नाही आणि मीठ धरून ठेवणारे अल्डोस्टेरॉनही बनत नाही.

माणसात हे जनुक सहाव्या गुणसूत्रावर, रोगप्रतिकारक जनुकांच्या दाटीत, सी४ या जनुकाला लागून आहे. सुमारे ३० हजार डीएनए-अक्षरांचा हा तुकडा पूर्वी केव्हातरी दुप्पट झाला. म्हणून बहुतेकांच्या गुणसूत्रावर सीवायपी२१च्या दोन प्रती असतात. त्यांतली एक चालू आणि दुसरी बंद, म्हणजे छद्मजनुक. उंदरातही दोन प्रती आहेत, मात्र तिथे पहिली चालते, माणसात दुसरी.

माणसाच्या बंद प्रतीत तीन ठळक मोडतोडी आहेत. तिसऱ्या एक्झॉनमधली, म्हणजे जनुकाच्या प्रथिन घडवणाऱ्या तिसऱ्या खंडातली, जी-ए-जी-ए-सी-टी-ए-सी ही आठ अक्षरे गळाली आहेत. जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचले जाते आणि आठाला तिनाने भाग जात नाही. त्यामुळे पुढचे सगळे वाचन सरकते आणि विकर अर्धवटच राहते. सातव्या एक्झॉनमध्ये एक अक्षर जादा शिरले आहे, तर आठव्यात अवेळी थांबण्याची खूण उमटली आहे.

या मोडतोडींचे वय ठरवायला महाकपी उपयोगी पडले. यान क्लाइन आणि सहकाऱ्यांनी १९९२मध्ये चिंपँझी, गोरिला आणि ओरांगउटान यांची सीवायपी२१ जनुके माणसाच्या जनुकांशी ताडून पाहिली. आठ अक्षरांची गळती चिंपँझीतही सापडली. गोरिला आणि ओरांगउटानमध्ये ती नव्हती. म्हणजे ती माणूस आणि चिंपँझी यांच्या समाईक पूर्वजात, दोन्ही वंश वेगळे होण्याआधी, किमान ६० लाख वर्षांपूर्वी घडली असावी. उरलेल्या दोन मोडतोडी माणसाच्या वंशातल्या, पुष्कळ अलीकडच्या.

बंद पडलेली प्रत निरुपद्रवी मात्र नाही, आणि या कुळकथेतला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. दोन्ही प्रतींच्या एक्झॉनांत सुमारे ९८ टक्के साम्य असल्याने पेशीविभाजनात त्या चुकीच्या जोडीने जुळतात. कधी चालू प्रतच गळते, कधी बंद प्रतीतला बिघाड तिच्यात उतरतो. हे विकर कमी पडल्याने होणाऱ्या जन्मजात अधिवृक्क अतिवृद्धी या विकाराची बहुसंख्य उत्परिवर्तने अशीच शेजारून आलेली असतात. हा विकार नेपल्सच्या लुइजी दे क्रेक्कियो यांनी १८६५मध्ये एका शवविच्छेदनावरून नोंदवला होता. त्याचे तीव्र रूप साधारण १५ हजार नवजातांमागे एकात आढळते. कॉर्टिसॉल न बनल्याने साचलेला कच्चा माल पुरुषी संप्रेरकांकडे वळतो आणि मुलींची बाह्य जननेंद्रिये गर्भातच पुरुषी वळण घेतात. मीठ शरीराबाहेर जाऊ लागले, तर पहिल्या काही आठवड्यांतच बाळ दगावू शकते. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात या साचलेल्या मालातले १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन मोजून हा धोका वेळीच ओळखता येतो आणि संप्रेरके देऊन टाळता येतो. जनुकीय निदान करताना मात्र प्रयोगशाळेला आधी चालू प्रत बंद प्रतीपासून वेगळी काढावी लागते, मगच तिचे वाचन ग्राह्य धरता येते.