दचक्यांचा इतिहास

गेल्या महिन्यात घरासमोरच्या गतिरोधकावरून गाडी घेताना पुढून 'धप्' असा आवाज आला. गाडी जुनी आहे, २००४ सालची मारुती ८००. पंधरा वर्षं झाल्यावर आणि नंतर आणखी पाच वर्षांनी, असं दोनदा तिच्या नोंदणीचं नूतनीकरण करून घेतलं आहे. आवाजाकडे मी दोन दिवस दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दिवशी ब्रेक दाबला, तेव्हा गाडीचं नाक नमाजाला वाकावं तसं खाली गेलं. मग गॅरेज गाठलं.

मिस्त्रीनं बॉनेटचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली, डुलतच राहिली. त्यानं चाकाच्या आत हात घातला आणि बोटं मला दाखवली. काळं तेल लागलं होतं.

"शॉकअप गेलेत, भाई. दोन्ही. जोडीनंच बदलायला लागतील."

घरी मुलगा म्हणाला, "अब्बा, आता भंगारात द्या. किती दिवस हिचे लाड करणार?"

मुलाचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण त्याला उत्तर देण्यापूर्वी मला त्या शॉकअपची गोष्ट सांगावीशी वाटली. ती आज तुम्हालाही सांगतो. तिच्यात माझी एक चूकही आहे.

माणसानं चाक शोधलं आणि त्याच दिवशी दचकाही शोधला. आपल्या बैलगाडीनं तो निमूटपणे सोसला. आसाखाली काही नाही, वर फळी, फळीवर गवत आणि गवतावर माणूस. युरोपात श्रीमंतांच्या बग्ग्या कातडी पट्ट्यांवर टांगलेल्या असत. १८०४ साली लंडनच्या ओबेदाया इलियट यांनी पोलादी पट्ट्यांच्या लंबवर्तुळाकार कमानींचं पेटंट घेतलं. त्यामुळे बग्गीचा सांगाडा हलका झाला आणि बसणाऱ्याची हाडं वाचली. या कमानी पुढे टांग्याला आल्या, मोटारीला आल्या, ट्रकला आल्या. आपल्याकडे त्यांना 'पाटे' म्हणतात. पाटा बसला की लोहाराकडे जायचं. तो भट्टीत तापवून, ठोकून त्याला पुन्हा बाक देई. टांग्याचा लोहार आणि ट्रकचा लोहार पुष्कळदा एकाच घरातले असत, आजा आणि नातू.

पण स्प्रिंग कुठल्याही आकाराची असो, तिचा एक स्वभाव आहे. ती धक्का गिळत नाही, उसना घेते आणि सावकाराला परत करावा तसा परत करते. खड्डा मागे पडला तरी गाडी डुलत राहते. हे डुलणं थांबवायला दुसरं कुणीतरी लागतं. ते काम शॉकअपचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकमेकांवर घासणाऱ्या चकत्यांचे शॉकअप होते, मग तेलाचे आले. एक बंद नळकांडं, आत तेल, तेलात वरखाली होणारा दट्ट्या आणि दट्ट्याला बारीक भोकं आणि झडपा. तेल त्या भोकांतून सहजी जात नाही. अडतं, तापतं. रस्त्यानं दिलेला धक्का असा उष्णता होऊन हवेत निघून जातो. म्हणजे वजन पेलायचं ते स्प्रिंगनं आणि तिला आवरायचं ते शॉकअपनं. त्याचं सील झिजलं, तेल गळालं, की स्प्रिंग बेलगाम होते. चाक रस्त्यावर टेकून राहण्याऐवजी उड्या मारतं, टायर ठिकठिकाणी खाल्ला जातो आणि ब्रेक दाबल्यावर गाडी उशिरा थांबते. लोक याला 'गाडी जरा हलते' एवढंच म्हणतात. हलण्याचं दुखणं कमरेला कळतं, उशिरा थांबण्याचं दुखणं समोरून रस्ता ओलांडणाऱ्याला कळतं.

माझ्या मामूंचं मिरजेत गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक खड्डा, आणि चिंचेच्या झाडाला लावलेली साखळी-कप्पी. त्या काळी तिथे दोनच जातीच्या मोटारी येत, अ‍ॅम्बेसेडर आणि फियाट. अ‍ॅम्बेसेडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, नाव बदलून बंगालात उत्तरपाड्याला राहायला आलेली. तिच्या पुढच्या चाकांचं ओझं पिळल्या जाणाऱ्या पोलादी दांड्या पेलत, मागे पाटे होते. फियाट म्हणजे वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमियरची गाडी. १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं, पण लोकांच्या तोंडी ती फियाटच राहिली. तिला पुढे वळ्यांच्या स्प्रिंगा होत्या, मागे पाटे.

या गाड्यांत प्रत्येक काम वेगळ्या अवयवाकडे होतं. वजन एकानं पेलायचं, चाक दुसऱ्यानं धरायचं, डुलणं तिसऱ्यानं थांबवायचं. एकत्र कुटुंबासारखंच. एक आजारी पडला की त्याच्यापुरता इलाज करायचा. जुन्या अ‍ॅम्बेसेडरच्या तरफेच्या शॉकअपला तर झाकण उघडून तेलही घालता येई. मामू शाळा चौथीपर्यंत शिकलेले, पण गाडी रस्त्यावरून येतानाच सांगत, "डाव्या अंगाचं बुश गेलंय. ऐक, बोलतीया ती."

याच सुमारास दूर अमेरिकेत सुरू झालेली एक गोष्ट आमच्या चिंचेखाली यायला निघाली होती.

अर्ल मॅकफर्सन नावाचे एक इंजिनिअर होते. जन्म १८९१. दुसरं महायुद्ध संपता संपता जनरल मोटर्सनं त्यांच्यावर एक काम सोपवलं. सामान्य माणसाला परवडेल अशी हलकी शेवरले बनवायची, किंमत हजार डॉलरच्या आत. गाडीचं नाव ठरलं कॅडेट. स्वस्त गाडी म्हणजे कमी सुटे भाग. मॅकफर्सन यांनी शॉकअपलाच खांब बनवलं. खालच्या टोकाला चाक जोडलं, वरचं टोक रबराच्या बैठकीतून थेट गाडीच्या अंगात अडकवलं आणि भोवती स्प्रिंग गुंडाळली. वजन पेलणं, डुलणं थांबवणं आणि चाक धरून स्टिअरिंगबरोबर वळणं, ही तिन्ही कामं एकाच खांबाकडे आली. हाच स्ट्रट. खांबाची कल्पना अगदी कोरी नव्हती. इटलीच्या लान्चिया लाम्ब्डा या गाडीला १९२२ सालीच पुढच्या चाकांसाठी सरकते खांब होते आणि फियाटच्या गुइदो फोर्नाका यांनीही त्याच दशकात या वाटेचा आराखडा केला होता. पण मोठ्या संख्येनं आणि कमी पैशांत बनवता येईल असं रूप तिला मॅकफर्सन यांनी दिलं.

आणि १९४७ साली कॅडेट रद्द झाली. नमुने बनले होते, गाडी बाजारात आलीच नाही. त्याच वर्षी मॅकफर्सन फोर्डमध्ये गेले. तिथेही त्यांच्या स्ट्रटची सुरुवात अमेरिकेत झाली नाही. आधी फ्रान्समधल्या फोर्डच्या वेदेत या गाडीवर तो आला, मग १९५० साली लंडनच्या प्रदर्शनात मांडलेल्या कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांवर. मॅकफर्सन १९६० साली वारले. ज्या गाडीसाठी त्यांनी हा खांब बनवला, ती कुणाच्या दारात उभी राहिली नाही. खांब मात्र जगभरच्या छोट्या गाड्यांखाली गेला. इंजिन आडवं बसवून पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्या आल्या, तेव्हा पुढे जागा उरेना. कमी जागेत मावणारा स्ट्रट त्या गाड्यांना वरदान ठरला.

जपानच्या सुझुकीनं तो आपल्या छोट्या गाडीला लावला होता. तीच गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० म्हणून भारतात पहिल्या ग्राहकाच्या हाती पडली. मास्तर, डॉक्टर, बँकेतले साहेब, ज्यांच्या वडिलांनी सायकलपुढे स्वप्न पाहिलं नव्हतं, त्यांच्या दारात मोटार आली. त्या स्वस्ताईत एक वाटा या खांबाचाही होता.

मिरजेत मामूंच्या गॅरेजला पहिली मारुती शॉकअपसाठी आली ती १९८८ साली. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. मामूंनी कुठून तरी दुरुस्तीच्या इंग्रजी पुस्तकाच्या झेरॉक्स आणल्या आणि म्हणाले, "बेटा, तू कॉलेजात जातोस. वाच आणि आम्हाला मराठीत सांग."

मी वाचू लागलो. चाक काढा. ब्रेकचा पाइप मोकळा करा. खालचे दोन बोल्ट काढा. वरचे नट काढा. स्ट्रट बाहेर आला. मग पुढच्या ओळीत 'स्प्रिंग कंप्रेसर' हा शब्द आला. गॅरेजमध्ये कंप्रेसर म्हणजे एकच, चाकात हवा भरायचा. मी म्हणालो, "इथं कंप्रेसर लावायला सांगितलंय." मामू म्हणाले, "धूळ उडवायला असेल. फडक्यानं पुसू." मी मान डोलावली आणि पुढची ओळ वाचली, "आता मधला नट काढा."

त्या 'कंप्रेसर'चा हवेशी काही संबंध नव्हता. ती स्प्रिंग दाबून, जखडून धरण्याची पकड होती. स्ट्रट गाडीतून बाहेर काढला तरी स्प्रिंग दोन टोपणांमध्ये चेपलेली असते आणि मधला नट हीच तिची एकमेव कडी असते. गॅरेजमधल्या पोरानं, पंधरा-सोळा वर्षांचा असेल, त्या नटाला पाना लावला. शेवटच्या आट्याला आवाज झाला. वरचं टोपण उडून त्याच्या गालफडावर बसलं. डोळा वाचला. जबडा तारेनं बांधावा लागला, दीड महिना तो पेज प्यायला.

मामू मला एका शब्दानंही बोलले नाहीत. त्यांनी ओळखीच्या लोहाराकडून आट्यांच्या दोन लांब दांड्या आणि चार आकडे बनवून घेतले. पुढची मारुती आली तेव्हा ते माझ्या हातात देऊन म्हणाले, "हा तुझा कंप्रेसर." मी पुढे कविता लिहू लागलो. अडलेल्या शब्दावरून माहीत असल्यासारखं पुढे जायची माझी हिंमत त्या दिवसापासून गेली, ती कायमची.

मामूंच्या धंद्यात त्यानंतर काय बदललं, ते मला पुष्कळ उशिरा समजलं. स्ट्रट हा सीलबंद भाग. उघडून तेल घालायची, ठोकून बाक द्यायची सोय त्यात नाही. गेला की नवा आणायचा. लोहाराची भट्टी पुढे ट्रकपुरती उरली. ऐकून रोग सांगणाऱ्या मामूंच्या कानाला काम कमी झालं आणि डब्यावरचा नंबर वाचणाऱ्या डोळ्यांना वाढलं. मोटार स्वस्त झाली, त्याची किंमत काही अंशी अशा कानांनी मोजली. पण मी फक्त हळहळ करणार नाही. बंद नळकांड्यानं रस्त्यावरचे कितीतरी जीव वाचवले, मास्तरांना मोटारीत बसवलं. दोन्ही गोष्टी एकाच खांबाच्या आहेत.

अ‍ॅम्बेसेडर आणि मारुती ८०० या दोन्ही गाड्यांचं उत्पादन २०१४ साली थांबलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांचं आयुष्य पुरं करून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. माझ्या ८००चाही दिवस येईल. पण जुन्या गाडीत आधी लोखंड मरत नाही. आधी रबर मरतं, तेल मरतं, सील मरतं. ते वेळेवर बदललं तर गाडी चालते, न बदलता चालवली तर ती दुसऱ्याच्या जिवावर चालते. पत्रा कुजला असेल, स्ट्रटचं वरचं टोक जिथे बसतं ती जागाच गंजली असेल, तर मुलाचं खरं, भंगारच बरं. म्हणून मी मिस्त्रीला आधी तेच तपासायला सांगितलं. पत्रा शाबूत होता.

मग काम सुरू झालं. गाडी जॅकवर चढवून खाली घोड्या लावल्या, कारण नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी गाडीखाली हात घालू नये. चाकं निघाली. खालचे बोल्ट सोडण्यापूर्वी त्यानं खडूनं त्यांची जागा आखून घेतली. ब्रेकच्या पाइपवर ताण येऊ नये म्हणून जोडाला तारेनं टांगलं. स्ट्रट, त्यांच्या वरच्या रबरी बैठका आणि बेअरिंग, सगळं जोडीनं नवं आणलं होतं. एका पायात नवी वहाण आणि दुसऱ्यात झिजलेली घालून माणूस सरळ चालत नाही, गाडीही चालत नाही. शेवटी चाकांचं अलाइनमेंट करायचं, नाहीतर नवे टायरही तिरपे खाल्ले जातात.

नव्या डब्यातून इंग्रजीत छापलेला एक कागद निघाला. मिस्त्रीनं तो माझ्यापुढे धरला. हसला की त्याच्या डाव्या गालावरची जुनी खूण ताणली जाते.

"वाचा की, भाई. पण या खेपेला सगळं वाचा."

भिंतीवर खिळ्याला दोन दांड्या आणि चार आकडे टांगलेले होते, मामूंनी बनवून घेतलेले. मामू जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यानं ते खाली घेतले, स्प्रिंगला दोन्ही बाजूंनी लावले, आणि दोन्हीकडे सारखे पिळत गेला. मी कागद वाचत होतो. स्प्रिंग टोपणापासून सुटी झाल्याचं बोट घालून पाहिल्यावरच त्यानं मधल्या नटाला पाना लावला.

मी तरी दोन पावलं मागे सरकलो.