पाळी, वेदना आणि दिवस मोजण्याचा घोळ

'पाळीच्या आसपास बायकांना दुखणं जास्त जाणवतं', हे वाक्य तुम्ही घरी नाहीतर दवाखान्यात ऐकलंच असेल. ते खरं आहे का? उत्तर शोधायला विज्ञानाला इतका वेळ का लागला, ते आज बघू.

आधी एक फरक. पाळीत ओटीपोटात कळा येतात त्या गर्भाशयातल्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांमुळे. आपला प्रश्न वेगळा आहे: तोच चटका, तोच दाब महिन्याच्या वेगवेगळ्या दिवशी कमी-जास्त दुखतो का?

त्यासाठी वेदना मोजता यायला हवी. १९४० साली अमेरिकेत हार्डी, वुल्फ आणि हेलन गुडेल या तिघांनी स्वतःच्याच कपाळाला काळी शाई लावली, त्यावर दिव्याची उष्णता एकवटली आणि नेमकं कधी दुखू लागतं ते नोंदवलं. हा झाला वेदनेचा उंबरठा. म्हणजे मोजायचं साधन हाताशी होतं. पण मोजायचं कोणाला?

थॅलिडोमाइडमुळे व्यंग घेऊन जन्मलेली बाळं जगाने पाहिली होती. १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, गर्भधारणा होऊ शकेल अशा स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांपासून दूर ठेवायला सांगितलं. हे धोरण १९९३ मध्ये बदललं. प्रयोगशाळेत कारण वेगळं होतं: उंदरांच्या माद्यांचं चक्र चार-पाच दिवसांचं, मग आकडे वरखाली होणार, त्यापेक्षा नरच घ्या! २००५ मध्ये मोगिल आणि चंदा यांनी 'पेन' या नियतकालिकातले आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे अभ्यास चाळले. त्यातले किमान ७९ टक्के फक्त नरांवर केलेले होते. आणि ती भीती तरी खरी होती का? २०१४ मध्ये २९३ शोधनिबंधांतली आकडेवारी एकत्र तपासली गेली, तेव्हा माद्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त वरखाली होत नाहीत असं दिसलं.

स्त्रियांवर थोडे अभ्यास झाले होतेच. १९९९ मध्ये राइली आणि सहकाऱ्यांनी असे १६ अभ्यास एकत्र केले. रक्तस्राव थांबल्यानंतरच्या दिवसांत दाब, उष्णता, थंडी यांचा उंबरठा वर जातो, म्हणजे दुखणं उशिरा जाणवतं, असं दिसलं. विजेच्या झटक्याचं मात्र उलटं! तो उंबरठा चक्राच्या उत्तरार्धात जास्त निघाला.

घोळाचं एक मोठं कारण अगदी साधं आहे. बरेच अभ्यास कॅलेंडरवर दिवस मोजत होते आणि चक्राचे टप्पे प्रत्येकाने आपापल्या सोयीने पाडले होते. पण बीज सुटण्याआधीचा काळ प्रत्येकीचा वेगळा असतो. एकीचा चौदावा दिवस म्हणजे दुसरीचा चौदावा दिवस नव्हे. रक्तातली संप्रेरकं किंवा लघवीतलं एलएच तपासल्याशिवाय टप्पा पक्का कळत नाही. २०१५ च्या एका आढाव्याने हे सगळं जमेस धरून सांगितलं, की निरोगी स्त्रियांत चक्रानुसार वेदनेची जाणीव ठामपणे बदलते असं म्हणता येत नाही.

म्हणजे गंमत बघा. ज्या चढउताराच्या नावाने मादीला प्रयोगाबाहेर ठेवलं, त्याचाच पुरावा कच्चा निघाला. तेव्हा एखादी बाई 'दुखतंय' म्हणाली, तर तारीख जरूर विचारा, पण तारीख कळली म्हणून तपासणी सोडू नका.