मध्यस्थ यंत्रांची मर्यादा

दोन परक्यांमध्ये व्यवहार घडवून आणावयाचा तर मध्यस्थ लागतो. आणि मध्यस्थाने किती जाणावे व किती आपल्या अंगावर घ्यावे, हा प्रश्न मागाहून उपस्थित झाल्यावाचून राहत नाही. संगणकांचे जाळे जोडणाऱ्या यंत्रांचा इतिहास पाहू गेल्यास तो याच प्रश्नाचा इतिहास आहे, असे दिसून येते.

१९६७ च्या सुमारास अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील ‘आर्पा’ या संस्थेने निरनिराळ्या विद्यापीठांतील संगणक एकमेकांस जोडण्याचा मनसुबा केला. त्या काळी संगणक म्हणजे खोली व्यापून टाकणारे, अतिशय महागडे यंत्र. आणि एका कारखान्याच्या यंत्राची भाषा दुसऱ्याच्या यंत्रास उमगत नसे. शिवाय आपल्या यंत्राचा मोलाचा वेळ परक्यांचे निरोप वाहण्यात खर्च व्हावा, हे कित्येक विद्यापीठांस रुचेना. तेव्हा वेस्ली क्लार्क यांनी तोड सुचविली, ती अशी की, प्रत्येक मोठ्या संगणकाच्या दाराशी एक लहान संगणक बसवावा व निरोपांची सारी उठाठेव त्यानेच करावी.

हे काम केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील ‘बोल्ट, बेरानेक आणि न्यूमन’ या कंपनीकडे गेले. फ्रँक हार्ट यांच्या हाताखालील मंडळींनी हनीवेल कंपनीच्या लहान संगणकावरून ‘इंप’ नावाचे यंत्र सिद्ध केले. निरोपाचे तुकडे करावयाचे, प्रत्येकावर पत्ता घालावयाचा, आणि पुढच्या मुक्कामावरून पोच येईपर्यंत जवळची प्रत टाकावयाची नाही, हा त्याचा नेम. पहिले इंप १९६९ च्या ऑगस्टअखेरीस लॉस एंजेलिस येथील विद्यापीठात आले. दुसरे ऑक्टोबरात स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत बसले. २९ ऑक्टोबरच्या रात्री साडेदहाच्या सुमारास चार्ली क्लाइन या विद्यार्थ्याने ‘लॉगिन’ हा शब्द पाठविण्यास आरंभ केला. पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला! दोष मात्र मध्यस्थांचा नव्हता. तासाभराने सर्व अक्षरे सुखरूप गेली.

परंतु मध्यस्थाचाही पाय घसरतो, हे २७ ऑक्टोबर १९८० रोजी दिसून आले. आपल्या शेजारच्या वाटांची खबर प्रत्येक इंप इतरांस देई, व ताजी खबर कोणती हे कळावे म्हणून तिच्यावर क्रमांक घाली. हे क्रमांक घड्याळाच्या तासांप्रमाणे चक्राकार चालत. ६३ नंतर पुन्हा शून्य येई. एका यंत्राच्या बिघाडामुळे क्रमांकातील काही अंश गळाले आणि एकाच खबरेच्या ४४, ४० व ८ अशा तीन क्रमांकांच्या प्रती हिंडू लागल्या. चक्राच्या हिशोबाने ४० हा ८ हून नवा, ४४ हा ४० हून नवा, आणि ८ पुन्हा ४४ हून नवा! प्रत्येक इंप प्रत्येक प्रत ताजी समजून पुढे धाडीत राहिला व सारे जाळे काही तास गुदमरून गेले. प्रवासात तुकडा बिघडला की नाही हे इंप कसोशीने पाही. आपल्याच स्मृतीत तो बिघडला तर ते ओळखण्याची सोय नव्हती.

दरम्यान एका इमारतीतील संगणक जोडण्याची निराळीच रीत निघाली होती. १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनी ‘इथरनेट’ची उभारणी आरंभिली. एकच तार; तिच्यावर जो बोलेल त्याचे सर्वांनी ऐकावयाचे. तार लांबली की आवाज क्षीण होतो, म्हणून ‘रिपीटर’ आला; पण तो निर्बुद्ध, निरोपाबरोबर गोंगाटही पुढे धाडणारा. त्याहून जाणता ‘ब्रिज’: कोणता संगणक कोणत्या बाजूस आहे हे तो ऐकून ऐकून शिके व नको तो निरोप अडवून धरी. मात्र ब्रिजांची वर्तुळाकार वाट झाली की निरोप अखंड फिरत राहत. यावर रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली उपाय प्रसिद्ध केला: ब्रिजांनी आपसांत एक मुखिया ठरवावा, जास्तीच्या वाटा निजवून ठेवाव्यात व चालती वाट तुटली तरच त्यांना जागे करावे. पुढे १९९० मध्ये विनोद भारद्वाज यांच्या ‘कल्पना’ या कंपनीने सात तोंडांचा ‘स्विच’ बाजारात आणला. त्यायोगे एकाच वेळी अनेक जोड्यांस परस्परांशी बोलता येऊ लागले.

भिन्न जातीची जाळी एकमेकांस जोडावयाची, तर ज्याला पुढे ‘राउटर’ हे नाव रूढ झाले तो वाटाड्या हवा. १९७४ साली व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी त्याचे स्थान नेमके ठरविले. त्याने पत्ता वाचावा व वाट दाखवावी, एवढेच. तुकडा हरवला तर तो हुडकणे, मोडका आला तर पुन्हा मागविणे, हे दोन टोकांच्या संगणकांचे काम. इंपच्या खांद्यावरील मोठा भार त्यांनी असा उतरविला. मध्यस्थ चुकणारच, हे गृहीत धरल्यामुळेच हे जाळे पृथ्वीभर पसरू शकले.

आज घराघरांत भिंतीवर जी लहानशी पेटी मिणमिणत असते, तिच्यात राउटर व स्विच बहुधा एकत्रच नांदतात. निरोप खरा पोहोचला की नाही, याची हमी ती पेटी देत नाही. ती जबाबदारी बोलणाऱ्याची व ऐकणाऱ्याची आहे.