पाळवणकर बाळू आणि धावपत्रकाची साक्ष

बखर व अस्सल कागद यांत तफावत पडल्यास कागद ग्राह्य, हा संशोधकांचा दंडक होय. क्रिकेटचें धावपत्रक सामना चालू असतांच लिहिलें जातें. म्हणून तें आम्ही अव्वल दर्जाचा कागद समजतों. त्या आधारें पाळवणकर बाळू (१८७६–१९५५) यांचें कर्तृत्व येथें तपासूं.

हे डावखुरे मंदगति गोलंदाज. जन्म धारवाडास, चर्मकार कुळांत, वाढले पुण्यांत. तेथें पारशांच्या क्लबांत खेळपट्टी झाडणें व रूळ फिरविणें याबद्दल त्यांस मासिक ३ रुपये मिळत. युरोपियनांच्या क्लबांत गेल्यावर ४ झाले. जे. जी. ग्रेग हा नामांकित इंग्रज फलंदाज त्यांच्या गोलंदाजीवर तासन् तास सराव करी. बाद केल्यास तो दर खेपेस आठ आणे देई, ही आख्यायिका आम्ही बखरीच्या सदरांत टाकतों. बाळूंच्या हातीं बॅट मात्र कोणी दिली नाहीं. ती साहेबांची मिरास!

पुण्याच्या हिंदु क्लबांत त्यांस घ्यावें कीं नाहीं यावर वाद माजला, अखेर घेतलें. मैदानावर एकाच चेंडूस सर्वांचे हात लागत. चहा मात्र बाळूंस बाहेर मातीच्या भांड्यांत, इतरांस आंत चिनी मातीच्या पेल्यांत. चेंडूनें विटाळ होत नाहीं व पेल्यानें होतो, असें वचन धर्मशास्त्राच्या आमच्या अल्प व्यासंगांत तरी आढळलें नाहीं. या गोष्टीची नोंद धावपत्रकांत अर्थातच नाहीं. येथें अस्सल कागदही अपुरा पडतो.

सन १९०६ च्या मुंबईच्या सामन्यांत हिंदूंच्या धावा २४२ व १६०, युरोपियनांच्या १९१ व १०२. बेरजा ताळून पाहतां विजय १०९ धावांचा ठरतो. बाळू व त्यांचे बंधु शिवराम हे दोघेही त्या संघांत होते. सन १९११ त पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ विलायतेस गेला. तेथें २३ पैकीं ६ च सामने जिंकले, १५ गमावले; अशा पडत्या संघांत बाळूंनीं सरासरी १८.८६ धावांस एक याप्रमाणें ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावांत १०३ धावांत ८!

इतकें असूनही हिंदु संघाच्या नायकपदीं त्यांची नेमणूक झाली नाहीं. तो मान धाकटे बंधु विठ्ठल यांस १९२३ सालीं लाभला. विठ्ठलरावांचें मराठी आत्मचरित्र १९४८ चें आहे. संग्राहकांनीं तें अवश्य मिळवावें.

२४ सप्टेंबर १९३२ च्या पुणें करारावर सही करणाऱ्यांत बाळू आहेत. पुढें १९३७ च्या निवडणुकींत काँग्रेसनें त्यांस मुंबईंत डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभें केलें. डॉक्टरांस १३,२४५ मतें पडलीं, बाळूंस ११,२२५.